साडेसात हजारांचा असेंबल्ड आरओ आणि त्यातला छोटा नॉब

बाजाराच्या दिवशी तालुक्याला इलेक्ट्रिकच्या दुकानापुढे, कूलरच्या रांगेला लागून पाणी शुद्ध करायचे जे निळे-पांढरे आरओ मांडलेले असतात, त्यांच्याबद्दल हे लिहिलं आहे. वर कुठलंही स्टिकर असो, आत माल एकच: १२ लिटरची टाकी, ८० जीपीडीचं मेम्ब्रेन (क्षार अडवणारा पातळ पडदा), २४ व्होल्टचा बूस्टर पंप, एक एसएमपीएस (विजेचा अडॅप्टर), एक यूव्ही ट्यूब, एक यूएफ, दोन-तीन कार्ट्रिज आणि टीडीएस कंट्रोलर. टीडीएस म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मिलिग्रॅममध्ये. किंमत ६ ते ९ हजार, घासाघीस केली तर साडेसातला लावूनही देतात. नावाजलेल्या कंपनीचा घेतला तर दुप्पट पैसे जातात आणि सर्व्हिसवाला जिल्ह्याहून येतो, तोही दोनदा फोन केल्यावर. त्यामुळे खेड्यात चालतो तो हाच.

यंत्र म्हणून तो वाईट नाही. वाईट असते ती लावून देण्याची पद्धत. दुकानदार पाणी मीटरने मोजतो आणि मशीन चवीवर लावतो. विदर्भातल्या निम्म्या गावांत पाण्यातला खरा त्रास त्या मीटरला दिसतच नाही.

आधी पाणी कुठलं ते पाहावं लागतं. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अमरावती, अकोला आणि बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. टीडीएस २,०००-३,००० आणि त्यातलं बरंचसं साधं मीठ. तिथे आरओला पर्याय कमीच. यवतमाळच्या पांढरकवडा, झरी-जामणी, वणी भागात किंवा चंद्रपूरच्या वरोऱ्याकडे गोष्ट उलटी आहे. पाणी गोड लागतं, डाळ शिजते, साबणाला फेस येतो, टीडीएस सातशे-नऊशे, आणि फ्लोराइड मात्र लिटरमागे ३-४ मिलिग्रॅम. खोल बोअरचं पाणी खडकात वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. त्यात कॅल्शियम कमी असेल तर फ्लोराइड विरघळून राहतं, म्हणून असं पाणी जिभेला मऊ लागतं. तिसरा प्रकार गावातल्या जुन्या उथळ विहिरीचा. आजूबाजूला गोठे, उकिरडे, संडासाचे खड्डे आणि शेतात युरिया, त्यामुळे पाण्यात नायट्रेट. तेही बेचव, बिनवासाचं आणि उकळल्याने उलट वाढणारं, कारण पाणी उडतं आणि नायट्रेट भांड्यातच राहतं.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएस ५००पर्यंत चांगला आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,०००पर्यंत चालवून घ्यायचा असतो. फ्लोराइड १ मिलिग्रॅम, नाइलाजाने १.५. नायट्रेट ४५, तिथे नाइलाजाची सवलतच नाही. हे तीन आकडे खिशात ठेवून दुकानात गेलात तर पुढचा तमाशा ओळखता येतो.

तमाशा असा असतो. विक्रेता दोन ग्लास मांडतो, एकात घरचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. चार सळयांचं एक यंत्र दोन्हींत बुडवून प्लग लावतो. मिनिटभरात घरचं पाणी तपकिरी, मग हिरवट-काळं होतं आणि वर घाण तरंगते. आरओचं पाणी जवळपास स्वच्छच राहतं. "काकू, हे पाहा तुमचं पाणी, अन् हे आमचं. हेच पिता तुम्ही रोज!" काकूंच्या तोंडून "अगं माय!" निघालं की सौदा झाला. प्रत्येक ग्लासातल्या सळयांत एक लोखंडाची असते. मीठ-क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचाच गंज पाण्यात दिसतो. घाण पाण्यातली नसते, सळईची असते. आरओच्या पाण्यात क्षार कमी म्हणून वीज वाहत नाही, एवढंच. त्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा आणि पुन्हा प्लग लावू द्या, तेही तसंच काळं होतं. (बोट मात्र बुडवू नका, सळया थेट २३० व्होल्टवर असतात.)

दुसरा हिसका आजाराच्या भीतीचा. "या पाण्याने कॅन्सर होतो." जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडचं कर्करोगाच्या बाबतीत वर्गीकरणच करता येत नाही असं ठरवलेलं आहे, म्हणजे तिसरा गट. पोटात गेलेल्या नायट्रेटला, ज्या परिस्थितीत शरीरात त्यापासून नायट्रोसो संयुगं बनतात त्या परिस्थितीपुरतं, 'बहुधा कर्करोगकारक' म्हणजे २ए गटात टाकलं आहे. तेव्हा उथळ विहिरीच्या नायट्रेटवाल्या गावात विक्रेत्याची भीती अगदीच हवेतली नाही, पण तो ती सांगतो फ्लोराइडच्या गावात.

फ्लोराइडचं नुकसान दात आणि हाडांचं. पोरांच्या पक्क्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे येतात. दाताचं कवच साधारण आठ वर्षांच्या आत तयार होतं, त्यामुळे नंतर कितीही चांगलं पाणी पाजलं तरी पट्टा जात नाही. ३ ते ६ मिलिग्रॅमचं पाणी वर्षानुवर्षं प्यायल्यावर हाडांत बदल सुरू होतात. मान वळत नाही, कंबर ताठते, गुडघे धरतात. पन्नाशीतला माणूस सत्तरीतल्यासारखा उठतो-बसतो आणि घरचे म्हणतात, "वयच झालं आता." फ्लोराइडच्या गावात वयाच्या खात्यावर पाण्याचीही बरीच उधारी मांडलेली असते. गावातले बरेच जण पन्नाशीतच असे वाकलेले दिसत असतील आणि पोरांचे दात पट्ट्यांचे असतील, तर वेदनाशामक गोळीच्या आधी बोअरचं पाणी तपासायला द्यावं.

आता त्या नॉबकडे येऊ. टीडीएस कंट्रोलर म्हणजे अंगठ्याएवढा प्लास्टिकचा कॉक. मशीनचं पुढचं झाकण काढलं की मेम्ब्रेनच्या पांढऱ्या नळकांड्याच्या वरच्या बाजूला दिसतो. त्याच्या एका तोंडाला मेम्ब्रेनच्या आधीच्या पाण्याची पाइप येते, दुसरं तोंड मेम्ब्रेनमधून निघालेल्या पाण्याला मिळतं. नॉब जितका उघडा, तितकं मेम्ब्रेनला वळसा घालून आलेलं कच्चं पाणी चांगल्या पाण्यात मिसळतं. जाहिरातीत 'आरओ अधिक यूव्ही अधिक यूएफ' असं मोठ्या अक्षरात असतं. त्यातलं यूएफ, म्हणजे बारीक छिद्रांची गाळणी, पुष्कळ मशीनमध्ये याच आडवाटेवर बसवलेलं असतं. ते गाळ आणि जंतू अडवतं, यूव्ही जंतू मारतं, पण विरघळलेलं फ्लोराइड-नायट्रेट दोघंही सुखरूप जाऊ देतात.

आकडे मांडून पाहा. बोअरचा टीडीएस ९००, फ्लोराइड ४. मेम्ब्रेन नवं आहे, त्यातून निघालेल्या पाण्याचा टीडीएस ७०, फ्लोराइड ०.३. इथपर्यंत उत्तम. पण ७० टीडीएसचं पाणी पांचट लागतं. घरचे म्हणतात तहानच भागत नाही. मेकॅनिक नॉब थोडा उघडतो. २० टक्के कच्चं पाणी मिसळलं की टीडीएस २३६ आणि फ्लोराइड १.०४. अजून थोडा उघडला, ३० टक्के, टीडीएस ३१९ आणि फ्लोराइड १.४१. ४० टक्क्यांना मीटर ४०२ दाखवतो. दुकानदाराच्या हिशेबाने हे 'एक नंबर' पाणी, कारण ५००च्या आत आहे. फ्लोराइड मात्र १.७८, मानकाच्या नाइलाजाच्या हद्दीबाहेर. साडेसात हजार मोजून, रोज तीन-चार बादल्या पाणी गटारात सोडून पुन्हा तेच.

नायट्रेटचं याहून नाजूक. मेम्ब्रेन फ्लोराइड जितकं धरतं तितकं नायट्रेट धरत नाही. विहिरीत १२० मिलिग्रॅम असेल आणि मेम्ब्रेनने त्यातलं पाऊणच अडवलं, तर ३० उरतं. २० टक्के कच्चं मिसळलं की ४८. घरात तीन-चार महिन्यांचं वरच्या दुधावरचं बाळ असेल तर असं पाणी दुधाची पावडर कालवायला वापरायचंच नाही. तान्ह्या मुलाच्या रक्तातली प्राणवायू वाहण्याची ताकद नायट्रेटने घटते आणि ओठ-नखं निळसर पडतात.

म्हणून नियम सरळ आहे. खारपाण पट्ट्यात पाण्याची तक्रार निव्वळ मिठाची असेल तर नॉब थोडा उघडायला हरकत नाही. २,८०० टीडीएसच्या बोअरवर ११-१२ टक्के मिसळलं की पाणी ५००च्या आसपास येतं आणि तोंडाला बरं लागतं. फ्लोराइड किंवा नायट्रेटच्या गावात मात्र नॉब पूर्ण बंद. नुसता फिरवून भागत नाही. स्वस्त कॉक बंद करूनही झिरपतात, शिवाय पुढच्या सर्व्हिसला येणारा पोरगा सवयीने पुन्हा उघडून जातो. आडवाटेची पाव इंची पाइप काढून दोन्ही तोंडांना स्टॉप प्लग लावून घ्या. प्लग दहा-वीस रुपयांना मिळतो. चवीसाठी मेम्ब्रेनच्या पुढे मिनरल कार्ट्रिज लावता येतं. त्याने टीडीएस थोडासाच वाढतो, पण पांचटपणा कमी होतो आणि कच्च्या पाण्याचा थेंबही आत येत नाही.

बंद केलं ते खरोखर बंद झालं का, हे पाहायला मीटर आणि किट दोन्ही लागतात. मीटर २००-३०० रुपयांचा, घरी असावाच. तो विजेचं वहन मोजून क्षारांचा अंदाज सांगतो. जंतू, कीटकनाशक, फ्लोराइड यातलं काही सांगत नाही, पण मेम्ब्रेन जिवंत आहे की नाही हे त्याच्याइतकं स्वस्तात कोणी सांगत नाही. मशीन १५ मिनिटं चालू द्या. रात्रभर थांबलेल्या मशीनचं पहिलं पाणी नेहमीच खारट येतं, ते मोजून घाबरू नका. मग टाकीतलं नव्हे, टाकीत पडणाऱ्या पाइपचं पाणी ग्लासात धरा. आत येणारं २,८०० आणि बाहेर पडणारं २०० असेल तर अडवणूक ९३ टक्के, मेम्ब्रेन ठणठणीत. ८५च्या खाली, म्हणजे याच पाण्यावर ४२०च्या वर गेलं, तर मेम्ब्रेन बदलण्याची वेळ आली. ही मोजणी नॉब उघडा ठेवून केली तर काहीच कळत नाही, आणि नवं मेम्ब्रेन गळ्यात मारायचं असलं की ती नेमकी तशीच केली जाते.

फ्लोराइडसाठी ग्रामपंचायतीकडे फील्ड टेस्ट किट असतं. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना ते चालवायचं प्रशिक्षण द्यायचं धोरण आहे. आधी त्यांनाच गाठा. 'ताई, किट आहे का' विचारलं तर बहुतेक वेळा कपाटातून निघतं. परीक्षानळी आधी त्याच पाण्याने तीनदा विसळायची, खुणेपर्यंत भरायची, सांगितलेले थेंब टाकायचे आणि किटमधल्या कागदावर दिलेला वेळ थांबून उन्हात नव्हे, सावलीतल्या उजेडात रंग तक्त्याशी जुळवायचा. ट्यूबलाइटखाली गुलाबी आणि पिवळसर यांच्या मधली छटा चुकते. बोअरच्या पाण्याचा रंग तक्त्याच्या टोकाला गेला, तर तेवढंच डिस्टिल्ड पाणी मिसळून पुन्हा करा आणि आलेला आकडा दुप्पट करा. बाटलीवरची मुदत पाहा. मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेलं रसायन मुदतीच्या आधीच जातं. आणखी एक, तुरटी टाकलेल्या पाण्यावर हे किट फसतं. ॲल्युमिनियममुळे फ्लोराइड असतं त्यापेक्षा कमी दिसू शकतं.

मशीन बिघडतं कशाने, तर सगळ्यात आधी टीसीएलने, म्हणजे ब्लीचिंग पावडरने. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत ती टाकतो, त्या दिवशी नळाच्या पाण्यात क्लोरीन येतं. मेम्ब्रेनचं पातळ कातडं क्लोरीनने जळतं आणि जळालेलं पुन्हा जुळत नाही. त्याला वाचवणारं एकच कार्ट्रिज, ते म्हणजे कार्बन. तीनशे रुपये वाचवायला कार्बन दोन वर्षं तसाच ठेवला की दीड हजारांचं मेम्ब्रेन जातं. कार्बन जिवंत आहे का, हे कळायला ओटी टेस्ट, म्हणजे थेंब टाकून क्लोरीन तपासायची चाचणी, पुरते. नळाच्या पाण्याला पिवळा रंग आला आणि वाया जाणाऱ्या पाण्यालाही आला, तर कार्बन मेलेला आहे, मशीन त्याच क्षणी बंद करा. नळाला क्लोरीन येतं म्हणून जलसुरक्षकाला नावं ठेवू नका, त्याचं काम त्याने केलं.

त्यानंतर गाळ. पावसाळ्यात काळ्या मातीचं गढूळ पाणी आलं की बाहेरचं दहा इंची स्पन फिल्टर दीड-दोन महिन्यांत चिखलाने माखतं. ते घासून पुन्हा लावणारे पुष्कळ. वरचा चिखल निघतो, पण धाग्यात बसलेला नाही. शंभर रुपयांच्या आतली वस्तू आहे, बदला.

जड पाण्याच्या गावात मेम्ब्रेनवर आणि एफआरमध्ये पांढरी खरड धरते, चहाच्या भांड्याला धरते तशीच. एफआर म्हणजे वाया जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरची बारीक नळी, ती पाणी अडवून मेम्ब्रेनवर दाब ठेवते. 'पाणी फार वाया जातं' अशी तक्रार केली की काही मेकॅनिक छोट्या मापाचा एफआर बसवून देतात. गटारातलं पाणी कमी झालेलं पाहून गिऱ्हाईक खूश. पण मेम्ब्रेनवरचे क्षार धुऊन न्यायला पुरेसं पाणीच उरत नाही आणि वर्षभर टिकणारं मेम्ब्रेन तीन-चार महिन्यांत दगड होतं. मोजून पाहायचं असेल तर मोबाइलवर पाच मिनिटं लावा, एका भांड्यात चांगलं पाणी धरा, दुसऱ्यात वाया जाणारं. ७०० मिलि आणि २,१०० मिलि, म्हणजे एकाला तीन. जड पाण्यावर हे प्रमाण राहू द्यावं. एकाला एक दिसत असेल तर कोणीतरी कारागिरी केलेली आहे.

८० जीपीडी म्हणजे कागदावर तासाला साडेबारा लिटर. तो आकडा अगदी कमी क्षारांच्या पाण्यावर काढलेला असतो. क्षार मेम्ब्रेनला उलट रेटतात, हजार टीडीएसमागे साधारण पाऊण किलो दाब. २,८०० टीडीएसवर पंपाचा बराच जोर तो रेटा मोडण्यातच जातो. तासाला आठ-नऊ लिटर आलं तरी पुष्कळ समजा. पाच माणसांच्या घराला पिणं आणि स्वयंपाक धरून उन्हाळ्यात २५ लिटर लागतं, म्हणजे तीन तास वीज. लोडशेडिंगचं वेळापत्रक पाहूनच टाकी भरून घ्यावी लागते. स्वयंपाकाचं पाणी मुद्दाम धरलं आहे. फ्लोराइडच्या गावात प्यायला आरओ आणि वरण-भाताला बोअर असा कारभार चालतो. भात पाणी पिऊन फुगतो आणि फ्लोराइड ताटात येतं. कणीक, वरण, चहा, सगळ्याला चांगलंच पाणी. भांडी-आंघोळीला बोअर चालेल.

उन्हाळ्याची एक तक्रार दरवर्षी येते: "मार्चपर्यंत बरोबर होता, मे लागला अन् टीडीएस वाढला." गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी इतकं तापतं की हात भाजतो. गरम पाण्यावर मेम्ब्रेन पाणी जास्त सोडतं आणि क्षारही जास्त सोडतं. ४५ अंशांच्या वर तर मेम्ब्रेन वापरायचंच नसतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात तेवढं तर हवेतच असतं. जुने पाइप सैल पडून कनेक्टरमधून सुटतात ते याच दिवसांत. मशीन पहाटे चालवा किंवा टाकीवर तट्ट्या-गोणपाटाची सावली करा, मेम्ब्रेन बदलू नका. पावसाळ्यात कडकडाट सुरू झाला की प्लग काढा, एसएमपीएस उडायला एक वीज पुरते. उंदीर पाव इंची पाइप कुरतडतात, का ते त्यांनाच माहीत.

टाकी महिन्यातून एकदा धुवावी. आरओच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळे टाकीत बुळबुळीत थर धरतो, आणि यूव्ही टाकीच्या आधी असल्याने त्याचा इथे उपयोग नाही. टाकी रिकामी करा, १० लिटर पाण्यात एक ग्रॅम टीसीएल कालवून, निवळ वरच्या वर काढून थेट टाकीत ओता. मेम्ब्रेनमधून नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. अर्ध्या तासाने खालच्या तोटीतून सोडा, मग दोनदा चांगल्या पाण्याने विसळा.

वाया जाणाऱ्या पाण्याचं काय करायचं? २,८०० टीडीएस आत गेला की बाहेर ३,७००च्या आसपास येतो, ४ फ्लोराइड गेलं की ५.२. भांड्यांचं खरकटं काढायला, संडासात, अंगण शिंपायला चालेल. परसातल्या वांग्या-मिरच्यांना खारपाणाचं हे पाणी रोज घालू नका, सोडियमने काळी माती घट्ट होऊन पाणी जिरणं बंद होतं. गुरांना तर अजिबात नको, फ्लोराइड त्यांच्याही दातांना-सांध्यांना लागतं. आणि शोषखड्डा बोअरला खेटून काढला असेल, तर तुम्ही तुमच्याच बोअरमध्ये मीठ परत भरता आहात.

गुण द्यायचे तर आकडे एकाच यंत्राला तीन वेगळे. फ्लोराइडच्या गावात, आडवाट कायमची बंद करून आणि किटने तपासून: पाचपैकी चार. तसं न करता: एक. खारपाणात तीन, कारण पाणी देतो पण खर्च आणि सांडपाणीही तेवढंच देतो. धरणाच्या किंवा नदीच्या योजनेचं २००-३०० टीडीएसचं नळाचं पाणी येत असेल, तर घेऊच नका. गाळणी आणि क्लोरीन किंवा साधं यूव्ही पुरे. ५००च्या खालच्या पाण्यावर आरओ नकोच, अशी भूमिका राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९मध्ये घेतली होती.

घरच्या मशीनशी तुलना करायची ती गावातल्या पाणी एटीएमशी. ५ रुपयांना २० लिटरचा कॅन मिळत असेल तर महिन्याचे १५० रुपये, वर्षाचे १,८००. घरच्या आरओची फिल्टर-मेम्ब्रेनचीच देखभाल जड पाण्यावर वर्षाला दोन-अडीच हजारांच्या घरात जाते, साडेसात हजार वेगळे. एटीएम रोज चालू असेल, मागच्या खोलीत अँटीस्केलंटचा, म्हणजे खरड धरू न देणाऱ्या रसायनाचा, डोसिंग पंप खरोखर थेंब टाकत असेल आणि गेल्या सहा महिन्यांतला प्रयोगशाळेचा कागद भिंतीवर असेल, तर घरचं मशीन घेण्यात शहाणपण नाही. कॅन मात्र पारदर्शक असेल तर उन्हात ठेवू नका, आतून हिरवा होतो. लग्नाकार्यातले थंडगार जार ही वेगळीच जात. त्यांच्यावर ना सील ना आयएसआय, गार आहे म्हणून चांगलं वाटतं एवढंच.

बिनविजेचा, ॲल्युमिनाच्या दाण्यांचा फिल्टर फ्लोराइडवर उत्तम काम करतो आणि पाणी वाया घालवत नाही. अडचण दाण्यांची. तीन किलो दाणे, किलोमागे दोन ग्रॅम फ्लोराइड धरतात असं मानलं आणि लिटरमागे ३ मिलिग्रॅम काढायचं असेल, तर २,००० लिटरला संपतात, म्हणजे रोज २० लिटरने शंभर दिवस. पाणी खायच्या सोड्यासारखं अल्कधर्मी असेल तर त्याच्याही आधी. दाणे पुन्हा जागे करून देणारा माणूस तालुक्यात नसेल तर चौथ्या महिन्यात तो नुसता डबा. तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनेच काढलेली, स्वस्त आहे, पण टीडीएस दीड हजारांच्या वर असलेल्या पाण्याला ती जमत नाही आणि तुरटीचं माप रोज चुकतं.

घ्यायचंच ठरलं तर पैसे देण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत बोअरचं पाणी द्या. लिटरभराची स्वच्छ प्लास्टिक बाटली, बोअर पाच-दहा मिनिटं चालवून, त्याच पाण्याने तीनदा विसळून, काठोकाठ भरून. चिठ्ठीवर गाव, स्रोत, खोली, तारीख. फ्लोराइड, नायट्रेट, टीडीएस आणि जडपणा ही चार नावं अर्जात लिहा, नाहीतर नुसतं 'पिण्यायोग्य' किंवा 'अयोग्य' एवढंच हाती यायचं. मशीन बसल्यावर आठवड्याने दुसरी बाटली द्या, तोटीतल्या पाण्याची. दुकानदाराकडून पक्क्या बिलावर मेम्ब्रेनची कंपनी, आत येणारा टीडीएस, बाहेर पडणारा टीडीएस आणि 'टीडीएस कंट्रोलर काढून प्लग लावला' हे वाक्य लिहून घ्या. तो "लिहायचं काय त्यात" म्हणाला, तर दुसरं दुकान समोरच असतं.